डॉक्टर म्हणायला लागले मला

प्रिय आई,

पाया पडतो, आणि आधीच सांगून टाकतो, मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन गेली का?

आमच्या खोलीत पोट बिघडायची साथ आलीय. आधी रंगारी आडवा झाला, मग सुतार. पोटात मुरडा आणि दिवसाला दहा-दहा जुलाब. मी तुझंच औषध काढलं: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सगळे मला डॉक्टर म्हणायला लागले, मीही जरा फुशारलो.

चार दिवस झाले, दोघांपैकी कुणी उठत नाही. सुताराचे डोळे खोल गेलेत, कालपासून लघवी नाही. त्याला दवाखान्यात न्यायला गाडी येतेय.

दुपारी गवंडी आमचं पाणी येतं त्या गच्चीवरच्या टाकीत डोकावला आणि नाक धरून खाली आला. मी नुसता चहा पितो म्हणून वाचलो, हे तेव्हा कळलं. पाणी आधी उकळायचं, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. आपल्या माठात ते उकळलेलंच असायचं ना!

काळजी करू नकोस. फक्त आज सकाळी सुतार औषध बघून तोंड फिरवत होता, म्हणून मीच त्याच्यासमोर पेलाभर पिऊन दाखवलं.

तुझा,
धाकटा