सात हजार दोनशे किलोमीटर

लंडन

कडूबादादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा दुरून नमस्कार.

मी सुखरूप पोचले. चिकलठाण्याहून मुंबई एक तास, आणि मुंबईहून लेकीच्या गावापर्यंत सात हजार दोनशे किलोमीटर, पावणेदहा तास. कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. विमानात समोरच्या पडद्यावर मी स्वतः वाचलं.

शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या. पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या, पार घाबरलेल्या. घडीघडी विचारायच्या, "किती राहिलं वो बाई?"

मी पडदा वाचून सांगायचे, "अजून चार हजार किलोमीटर. पाच तास." मग त्या जरा निवांत टेकायच्या.

दादा, तिसरीत तू माझी शाळा बंद केलीस. "हिला दौलताबाद सोडून कुठं जायचंय?" असं अण्णांना म्हणालास. पन्नाशी उलटल्यावर मी साक्षरता वर्गात जाऊन बसले. इंग्रजी आकडे लेकीनं शिकवले. तुला कधी बोलले नाही. तू हसला असतास.

उतरताना आजींनी माझा हात धरला. "लई धीर दिला तुम्ही. शाळेत मास्तरीण होता व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "दौलताबादच्या शाळेत."

खोटं बोलले, पण लाज वाटली नाही. हे पत्र मी टाकणार नाही. या वयात तुझ्या जिवाला लागायला नको. पण विमानतळाच्या दारातून मी मान ताठ ठेवून बाहेर आले आणि लेक पळत येऊन गळ्यात पडली, एवढं लिहून ठेवते.

तुझी,
आवडा