जवारीतला कप

आबा, तुम्हाला जाऊन माझे केस पांढरे झाले, अन् आता कुठं नगरची माणसं तुमची चौकशी करत दारात आली. जुन्या सायकलवाल्यांचं प्रदर्शन मांडतायत म्हणे. "आजी, तुमच्या वडलांचा मनमाड-पुणे शर्यतीचा कप हाय का?" हे मी सांगतेय, नात लिहून घेतेय, अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, ठाऊकच आहे तुम्हाला.

तुमची सायकल दुधाची. शर्यत आली की किटल्यांचे हूक, मडगार्ड, कॅरियर सगळं सोडवायचं, अन् शर्यत झाली की परत बसवायचं. राहुरीला रस्त्याकडेला आई भाकरीची गुंडाळी पुढं करून उभी आहे, मी तिचा पदर धरून. तुम्ही न थांबता ती हिसकावता. "कितवा लंबर?" आई ओरडते, पण तुमच्या तोंडात घास, उत्तर पार पुढच्या वळणावर. पहिले आलात, कप कोनाड्यात बसला. मग एका सकाळी तो तुम्हाला जवारीच्या कणगीत दिसला. "पुण्यापातुर पाय तोडले ते दानं मोजाया व्हय?" आई जात्यावरून उठलीसुद्धा नाही. "मंग काय हवा मोजू? ह्याच मापाची भाकर खाऊन जाताय की फुडल्या शर्यतीला!" दिवसभर फुगून बसलात. पण माझ्या लग्नात भांड्यांमध्ये तो कप तुम्हीच ठेवलात. "माप लागंल," एवढंच म्हणालात अन् सायकलची चेन बघायला वाकलात. चेन काही उतरली नव्हती.

तेव्हापासून रोज त्यानंच मोजते. त्यावर काय कोरलंय ते मला कधी वाचता आलं नाही. राखेनं घासून घासून आता शिकलेल्यांनाही येत नाही. ही नातही शर्यतीला जाते, तिची भाकरीही त्याच मापाची. तो कसा देऊ? अन् नाही म्हणावं तर तुमचा मान जातो. दोन्ही बाजूंनी माझीच पंचाईत.

म्हणून आबा, राहात्याच्या बाजारातून एक जुना कप आणवला अन् तो दिला. त्यांनी उलटापालटा करून बघितला. "आजी, ह्याच्यावर नाव कसं न्हाई?" म्हटलं, "रोज राखेनं घासते, बाबा. किती दिस टिकंल?" खूश होऊन गेले.

नात लिहिताना हसतेय. हे कुठं धाडायचं नाही, बजावलंय तिला. पण तुमच्यापाशी सांगते, तो कप तुमचा म्हणून दिला, खोटं तेवढंच. रोज घासते, ते खरं आहे.