तुमचे बगळे, आमची भिंत

सुकापूर, नवीन पनवेल
मंगळवार (तुमच्याकडे अजून सोमवारच चालू असेल, असो)

श्री. दीपेशराव यांना,

वयाने मोठी म्हणून आशीर्वाद आणि तुम्ही जावई म्हणून नमस्कार. दोन्ही पाठवते आहे. त्यातलं जे शोभेल ते ठेवून घ्या, उरलेलं अंकिताला द्या. आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत. तुमची पाठ कशी आहे? अंकिताला विचारलं की ती "बरी आहे" म्हणते, पण आमच्या घरात "बरं आहे" हे तापापासून फ्रॅक्चरपर्यंत सगळ्याला म्हणतात, म्हणून तुम्हालाच विचारते. फोन असताना पत्र कशाला, असा प्रश्न पडला असेल. ते शेवटी कळेल. मधलं गाळून शेवट वाचू नका. सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे, कोणी धडा वाचलाय आणि कोणी नुसता चाळलाय ते मला चेहऱ्यावरून कळतं.

आधी आभार. गेल्या दिवाळीत तुम्ही आलात, तुमच्या गावच्या बास्केटबॉल संघाचा सामना चुकू नये म्हणून आमच्या टीव्हीवर तुमचं खातं उघडलंत, आणि ते तसंच उघडं ठेवून विमानाला पळालात. घाईत माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो. तुम्ही अख्खा हंगाम विसरून गेलात. त्या विसरभोळेपणाचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. कारण तुमचे सासरे जूनमध्ये बंदरावरून निवृत्त झाले होते आणि त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचं बंदर करायला घेतलं होतं. कुठला डबा आधी उतरवायचा, कुठला कुठे लावायचा, तांदळाच्या डब्यापुढे तिखटाचा डबा उभा करणं सुरक्षेच्या दृष्टीने कसं घातक आहे, वगैरे. मी दुपारच्या शाळेत असल्यामुळे जिवंत राहिले.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बातम्यांसाठी टीव्ही लावला आणि समोर तुमचे बगळे. (संघाचं खरं नाव इंग्रजीत आहे, पण छातीवर बगळा काढलेला असताना आम्ही इंग्रजी कशाला बोलायचं? खाडीकाठची माणसं आम्ही, बगळा ओळखतो.) त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. मग तुम्ही भेट दिलेला तो बिनबाह्यांचा निळा अंगरखा आठवला. तो त्यांनी फुल शर्टावर चढवला आणि त्या दिवसापासून आमच्या घरी सकाळी साडेसहाला पूजा, पाणी आणि बास्केटबॉल एकाच वेळी सुरू झालं. पहिला आठवडा आम्ही भलत्याच संघासाठी टाळ्या वाजवल्या, कारण तुमचे लोक दर सामन्याला कपडे बदलतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. निळा म्हणजे आपला असं धरून चाललो होतो. आपल्याकडे नवरदेवसुद्धा इतक्या वेळा कपडे बदलत नाही.

मी स्वतः बघत नाही, हे आधीच सांगते. मी भाकऱ्या थापत असते आणि स्वयंपाकघराच्या दारातून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. तरीही माझ्यासारखीच्याही लक्षात आलं की तुमचे प्रशिक्षक सामन्याच्या तिसऱ्या पाव भागात त्या सात नंबरला उगाच बाकावर बसवतात आणि तेवढ्यात आघाडी जाते. ज्याचा हात बसलाय त्याला उठवायचं नसतं, हे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. आणि ती शेवटची दोन मिनिटं! अर्धा अर्धा तास चालतात. इतकी लांबलेली दोन मिनिटं मी फक्त आपल्याकडच्या लग्नात पाहिली आहेत, वऱ्हाड "दोन मिनिटांत पोचतो" म्हणतं तेव्हा.

आता नवसाकडे येते. नोव्हेंबरात बगळे लागोपाठ दोन सामने जिंकले. यांना वाटलं, तिसरा तर हातातलाच. अशा वेळी कुलदेवी आईला नवस बोलला तर स्वस्तात पुण्य पदरात पडेल. म्हणून यांनी तव्यावर कोलंबी असताना हात जोडून जाहीर केलं की बगळे लागोपाठ तीन सामने जिंकेपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही. हिशेब असा की उद्या तिसरा जिंकतील, उद्याच कोलंबी खाऊ, शिळी कोलंबी जास्त मुरते. दुसऱ्या दिवशी बगळे हरले. त्यानंतर ते असे काही हरत गेले की बघणाऱ्याला वाटावं त्यांनीच काही नवस बोललाय. मधूनच एक जिंकायचे, कधी दोन, की यांच्या डोळ्यांत पाणी (तोंडात तर यायचंच), की पुन्हा आपटले. दीपेशराव, तुमच्याकडच्या लोकांना हे समजणार नाही. आगरी माणसाने मासळी सोडणं म्हणजे काही श्रावणातला उपास नाही. मासळीबाजारात चिंबोऱ्या आल्या, निवट्या आल्या, आणि हा माणूस वालाच्या भाजीसमोर असा बसायचा जसा कोणी परक्याच्या मयताला बसतो.

आणि भिंतीपलीकडे थोरले भाऊजी.

काशिरामभाऊजी तुम्हाला आठवतात का? तुम्ही त्यांना भेटलेले नाहीत, पण पाहिलंय. तुमची वरात आमच्या दारात आली तेव्हा शेजारच्या ओटीवर पांढऱ्या कपड्यांत एक म्हातारा एकटा बसला होता, आणि तुम्ही अंकिताला विचारलंत, "ते कोण?" ते हेच, यांचे सख्खे मोठे भाऊ. आपल्यात लग्नाचं आमंत्रण म्हणजे अक्षता घेऊन दारात जाणं. छापील पत्रिका कितीही सोनेरी असो, अक्षता पडल्याशिवाय माणूस उंबरा ओलांडत नाही. आम्ही करंजाडेपासून उरणपर्यंत सगळीकडे अक्षता दिल्या. एकाच दारात दिल्या नाहीत. तुमचे सासरे म्हणाले, "भिंतीपलीकडं कसली अक्षत? दादा घरचाच हाय." दादा त्या दिवसांत रोज नवी टोपी घालून ओटीवर बसत होते, हे आम्हाला नंतर जाऊबाईंकडून कळलं. ते लग्नाला आले नाहीत. हे म्हणाले, घरचा माणूस असून आला नाही. ते म्हणाले, घरच्या माणसाला बोलावलं नाही. दोघंही बरोबर होते, त्यामुळे मिटायला जागाच उरली नाही. तेव्हापासून एका भिंतीला पाठ लावून दोन घरं, मध्ये गुडघ्याएवढा कठडा, आणि बोलणं बंद.

तर नवसाची बातमी भिंतीतून पलीकडे गेली (आमची भिंत बातमीला कधीच आडवी आली नाही). आणि भाऊजींनी एक नवी रीत सुरू केली. बगळे ज्या सकाळी हरतील त्या सकाळी त्यांच्याकडे मासे तळायचे, तेही आमच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून. जाऊबाई मला मागच्या दारी म्हणाल्या, "तेलाचा वास तुमच्याकडं पोचल्याबिगर त्यांना घास जात नाय." पण अडचण अशी झाली की बगळे हरले की नाही, हे कळायला सामना बघायला हवा, आणि तुमचं खातं फक्त आमच्या टीव्हीवर. म्हणून भाऊजी सकाळी मिश्री लावत कठड्याशी उभे राहायला लागले. मग आमच्या खिडकीशी. मग थंडी वाढली तसे दारात. एका सकाळी मी चहाचा तिसरा कप ठेवला आणि ते आत येऊन खुर्चीवर बसले. यांच्याकडे बघितलं नाही, यांनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. दोघंही टीव्हीशी बोलायचे.

भाऊजींचा संघ कोणता? जो त्या दिवशी बगळ्यांसमोर असेल तो. हा माणूस हंगामभर रोज नव्या संघाचा निष्ठावंत झाला. पुढाऱ्यांनासुद्धा पक्ष बदलायला इतका उत्साह नसतो. आणि नुसता कोरडा पाठिंबा नाही हो, त्या त्या संघाची पोरं त्यांना नंबरासकट पाठ. हे टीव्हीला सांगायचे, "आज काही जनांची तोंडं बंद व्हनार." भाऊजी टीव्हीला सांगायचे, "काही जनांनी वाल भिजत घाला." असा संसार जानेवारी, फेब्रुवारी चालला. मार्चमध्ये तुमच्या सरकारने घड्याळ पुढे ढकललं, सामना साडेपाचला आला, तर भाऊजी आमच्या आधी आमच्या ओटीवर.

आणि मग तो सामना. आधीचे दोन जिंकलेले. तिसऱ्यात बगळे एका गुणाने पुढे, घड्याळात काही राहिलेलं नाही, आणि समोरच्या संघाच्या पोराला दोन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाचे दोन मोकळे फेक. दोन्ही पडले तर हरलो, नवस पुन्हा पहिल्यापासून. माझी भाकरी तव्यावर करपली (मी बघत नव्हते, धूर डोळ्यांत गेला म्हणून बाहेर आले होते). तुमच्या सासऱ्यांनी डोळे मिटले. चार महिन्यांत गालफडं बसलेली, तो निळा अंगरखा अंगावर लोंबतोय. पोराने पहिला चेंडू टाकला, तो कडेला लागून बाहेर. आता दुसरा, तो पडला तर बरोबरी आणि पुन्हा जादा वेळ. तेवढ्यात भाऊजी खुर्चीतून उठले. त्या दिवशी ते त्या पोराच्या बाजूचे, बरं का. टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "चुकव रं पोरा. माझा भाऊ उपाशी हाय."

पोराने चुकवला. मी जन्मात त्या मुलाचं नाव विसरणार नाही, पण इथे लिहीत नाही, त्याच्या घरचे वाचतील.

भाऊजी निघून गेले. यांनी डोळे उघडले नाहीत. पण थोड्या वेळाने पलीकडून वास आला. म्हटलं, जिंकल्यावरही तळतात की काय. तर भाऊजी स्वतः कठडा ओलांडून आले. हातात ताट, ताटात चिंबोरीचा रस्सा आणि तळलेले बोंबील. ते यांच्यासमोर आदळलं. "खा आता. तू असा वालत गेलास तर आमचे कोमलचे हलदीन नाचंल कोन?" (कोमल म्हणजे भाऊजींची लेक.) हे खाली मान घालून जेवले. रस्सा तिखट होता, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांतून काय आलं याचा पंचनामा मी केला नाही.

यानंतर बगळे जिंकत सुटलेच. (यांचं म्हणणं, मासळी पोटात गेल्याचा परिणाम, कोणाच्या पोटात हे विचारायचं नाही.) शेवटचा सामना जिंकले असते तर पुढच्या फेरीत गेले असते. हरले, ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याइतकंच आम्हालाही लागलं, यांनी दोन दिवस दाढी केली नाही आणि भाऊजी, जे जिंकले त्या संघाचे म्हणून बसलेले, "हा काय हरन्याचा टाइम होता का?" म्हणून बगळ्यांवरच चिडले.

परवा सकाळी भाऊजी आले, ते कठडा ओलांडून नाही. आपल्या फाटकातून रस्त्यावर गेले, रस्त्याने चालत आमच्या फाटकाशी आले, टोपी, पांढरे कपडे, मागे जाऊबाई, आणि कोमलच्या लग्नाच्या अक्षता आमच्या उंबऱ्यावर ठेवल्या. रीतीप्रमाणे, परक्याला देतात तशा पूर्ण. हे उठून उभे राहिले. मला वाटलं आता माफी मागतील, निदान काही शहाण्यासारखं बोलतील. ते म्हणाले, "दादा, ते सात नंबरला पुढचे वर्षी ठेवतील ना रं?" अडीच वर्षांनी तोंडातून "दादा" बाहेर पडलं. भाऊजी म्हणाले, "ठेवतील. दुसरा हाय कोन त्यांच्याकडं."

दीपेशराव, या एका वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे. तुम्हाला वाटेल सासूबाई खेळाबद्दल आभार मानतायत.

तुमची,
सौ. वसुंधरा

ता. क. कोमलचं लग्न मे महिन्यात आहे आणि तुम्ही दोघांनी यायचंच, असं भाऊजींचं फर्मान आहे. तुमच्या वेळी त्यांच्या हातून जावयाचा मान राहिला. तो त्यांना त्याच ओटीवर बसवून द्यायचाय. सुट्टी नाही असं सांगू नका. बगळे घरी बसलेत, तुम्हाला आता काम काय?

आणखी ता. क. आता पत्राचं कारण. कालपासून टीव्ही पासवर्ड मागतो आहे. बगळे बाहेर गेले तरी भाऊजींचे बाकीचे सगळे संघ अजून खेळतायत. दोघांनी मिळून अंकिताचं नाव, कुलदेवतेचं नाव आणि भाऊजींच्या मोटरसायकलचा नंबर घालून बघितला. आता टीव्ही काहीच घेत नाही. जावयाकडे तोंडाने काही मागायचं नसतं म्हणून फोन नको, पण सासूने पत्रात लिहिलं तर चालतं, असा निर्णय दोन्ही भावांनी एकमताने दिला. दोघंही समोर बसून हे लिहून घेतायत. या पत्राचा फोटो काढून पाठवतेय. तरी पासवर्ड लवकर कळवावा, ही विनंती.

शेवटचा ता. क. वरचं दोघांना वाचून दाखवलं, हे नाही. ते आता बाहेर गेलेत. दीपेशराव, पासवर्ड पाठवू नका. काल सकाळी दोघं बंद टीव्हीसमोर येऊन बसले, चहा प्यायले, कंटाळले, आणि मग भाऊजींनी त्या दोघांच्या बाबांच्या मिठागराची गोष्ट काढली. मी यांना इतकं बोलताना लग्नापासून ऐकलं नव्हतं. दुपारी शाळेत निघाले तरी दोघं तिथेच, मिठाच्या राशीवरून कोण आधी पडलं यावर भांडत होते. तेव्हा लग्न होईपर्यंत विसरलात असं सांगा. तुमच्या विसरण्याने या घराचं नेहमी भलंच झालंय. सामन्यांचे निकाल मात्र मला एकटीला, शाळेच्या वेळात कळवत जा.