हौदावरची पाटी

सुरत, रविवार संध्याकाळ

आज सुट्टी म्हणून जुन्या बाजारात भटकत गेलो आणि तिथं आपलं नाशिक सापडलं. जुनं पोस्टकार्ड, त्यावर रस्त्याचा फोटो. खाली इंग्रजीत नाव, अक्षर अक्षर लावून वाचलं. देवळाच्या कळसावरून रस्ता ओळखला. अण्णा फुलं विकायला बसतात तोच. आणि कडेला दगडी हौद!

घरात आई कायम म्हणायची, अण्णा हौदावर गेलेत, बापाला हौदावर डबा देऊन ये. पण तिथं हौद कुठाय? नुसतं डांबर. मी कधी विचारलंच नाही. फोटोत हौदाच्या काठावर फुलांची पाटी आहे, जवळ माणूस नाही. कोणाची असेल पाटी? आमच्यातलीच कोणाची?

खोलीतल्या जोडीदाराला दाखवलं. म्हणाला, "सडक ही तो है, यार."

फुलांचा धंदा सोडून इकडं आलो तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. तरी लावला फोन.

"अण्णा, आपल्या जागेवर खरंच हौद होता का?"

"मग काय, आम्ही हवेत बसतो? माझा आजा त्यातलंच पाणी मारायचा फुलांवर. रस्ता रुंद केला तेव्हा बुजवला. तुला कोण बोललं?"

कार्डाचं सांगितलं. पाटीचं पण सांगितलं. मग म्हणाले, "पोस्टानं पाठवून दे."

घेऊन ये, असं नाही म्हणाले.

नाहीच पाठवणार. कार्ड अजून आलं नाही, एवढं विचारायला तरी ते फोन करतील.