मराठीत रागावणं

बाबा,

आज गुरुवार, १६ एप्रिल. सकाळी गॅसचं सिलिंडर आलं. ऊन फार होतं. दुपारी हथखोजला जाऊन आलो. संध्याकाळी तुमची नात घरी आली, जेवली नाही, आंघोळ करून खोलीत गेली. तिची आई भावाकडे गोंदियाला गेली आहे, त्यामुळे घरात बोलायला कोणी नाही. मघापासून सारखा उठतो, अंगणात जातो, परत येऊन बसतो. शेवटी हा कागद घेतला. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा हे कुठं पाठवणार हा प्रश्न नाही.

तुमची नात आता हथखोजच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात स्टोअर बघते. तिथं बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरी बाहेर राखण करत उभी राहते. हिनं मॅनेजरला कितीदा तरी सांगितलं, दर वेळी "हो जाएगा" एवढंच उत्तर मिळालं. सोमवारी राखणीला कोणी नव्हतं आणि एका ट्रक ड्रायव्हरनं दार ढकललं. तेव्हापासून ही आणि पॅकिंगच्या बायका कामावर जात नाहीत, गेटबाहेर उन्हात बसतात. कडी लागेपर्यंत बसणार म्हणतात. आज मॅनेजरचा मला फोन आला. मी बँकेत असताना त्याचं खातं आमच्या शाखेत होतं, म्हणून ओळख. "साहब, आप शरीफ आदमी हैं. बेटी नेतागिरी कर रही है, औरतों को भड़का रही है. मालिक बोल रहे हैं, माफी माँगे नहीं तो हिसाब ले ले. आप आके समझाइए."

स्कूटर काढली आणि गेलो. रस्ताभर तुमचे शब्द डोक्यात येत होते. तुमच्याजवळ या बाबतीत शब्दांना तोटा नव्हता, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती. काही न बोलता जागचा हलत नाही तो अडेल, म्हणजे मी. तोंडावर उत्तर देतो तो उर्मट, म्हणजे मोठा भाऊ. मागे कोणीतरी आहे म्हणून अकडतो तो मुजोर. कारण नसताना ऐकत नाही तो नाठाळ. आणि हे सगळे शब्द मराठीत. ड्यूटीवर तुम्ही दिवसभर हिंदी बोलायचे, पण आम्हाला हिंदीत कधी रागावले नाहीत. मरोद्याला तुमच्या प्लांटच्या क्वार्टरच्या भिंती पातळ. शेजारी एकीकडे तेलुगू, दुसरीकडे बंगाली. "आपल्या लेकराले काय म्हणतो ते लोकाईले कायले समजलं पायजे?" असं तुम्ही आईला म्हणायचे. आमच्यावर ओरडणं हीसुद्धा घरातलीच वस्तू होती, घराबाहेर न काढण्याची.

त्यातला एक दिवस मला स्वच्छ दिसतो. मी नववीत असेन. मागच्या लाइनीत तुमचे फोरमन राहायचे. त्यांनी मला हाक मारून स्कूटर पुसायला सांगितली आणि मी "नहीं पोंछूँगा" म्हणून घरी आलो. ते पाठोपाठ दारात. "आपका लड़का बहुत मुँहफट हो गया है." तुम्ही बनियनवर बाहेर येता, माझा कान धरता, हात उगारता, आणि साऱ्या लाइनीला ऐकू जाईल असं ओरडता, "अडेल! मुजोर! नाठाळ कुठला! कोणी सांगतलं तुले त्याची गाडी पुसाले? नाही म्हटलं ते बरं केलं! चाल आत, मायनं भजे तळले, गरम हायेत तोवर खाऊन घे!" फोरमन घाबरले. "अरे जाने दीजिए, बच्चा है," म्हणत परत गेले. आत आई तोंडाला पदर लावून हसत होती. तुम्ही आत आलात तेव्हा मात्र हसला नाहीत. पाटावर बसलात आणि म्हणालात, "त्याच्या हातात माह्यी शिफ्ट हाये." मग भजी खाल्लीत.

आज गेटवर तेच झालं. मॅनेजर छत्रीखाली उभा. बायका भिंतीच्या टीचभर सावलीत दाटीवाटीनं बसलेल्या, आणि तुमची नात सावली बायकांना सोडून उन्हात. चेहरा लाल झालेला. मॅनेजर म्हणाला, "लीजिए, पिताजी आ गए." सगळे माझ्याकडे बघू लागले. मला असं कोणी बघितलेलं सहन होत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी तिच्यापुढे गेलो, बोट उगारलं आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. "अडेल पोरगी! हेकेखोर! उन्हात कायले बसली? डोक्यावर ओढणी घे! पाणी पेली का सकाळपासून? उठू नको, पण सावलीत सरक!"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी अशी बोलणी ऐकून ती खुदकन हसायची. आज हसली नाही. मॅनेजरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बस बस, इतना मत डाँटिए." आणि बायकांमधली एक म्हातारी, डोक्यावर पदर, माझ्याकडे हात जोडून इकडच्या बोलीत म्हणाली, "कका, गारी झन दे नोनी ला. बने कहत हे." पोरीला शिव्या देऊ नका, ती बरोबर सांगते आहे. मला त्या बाईला सांगायचं होतं की मीही तेच म्हणालो. सांगितलं नाही. मॅनेजर शेजारी उभा होता. पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि स्कूटर वळवली.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी विचारलं, "समजलं ना तुला, मी काय म्हणत होतो?"

"समजलं बाबा."

"मग?"

"मग काय? मुझे समझा. उनको तो नहीं समझा ना? त्या आजी मला म्हणाल्या, तोर बाप घलो ओखरे डहर हे. तुझा बापपण त्याच्याच बाजूचा." चपला काढता काढता ती थांबली. "हिंदीत बोलायचं होतं तुम्ही."

आवाज चढवला नाही तिनं. तुम्ही असता तर हिच्यासाठी कुठला शब्द काढला असता, याचा विचार करत बसलो आहे. अडेल नाही, अडेल माणूस बोलत नाही. मुजोर नाही, हिच्या मागे कोण आहे? बाप होता, तो स्कूटर वळवून आला. ही तीनेक वर्षांची असताना कान टोचायला सोनाराकडे नेली होती. ती त्याच्या बोटाला चावली आणि तुम्ही दुकानभर हसलात. "खमकी हाये," म्हणालात. तो शब्द तुम्ही आम्हा भावंडांपैकी कोणालाच दिला नव्हता.

तुमचं मला कळतं, बाबा. तुमची शिफ्ट त्या माणसाच्या हातात होती, घरात खाणारी तोंडं होती, म्हणून तुम्ही मराठीच्या आड उभे राहिलात. माझी पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. तो मॅनेजर माझं काहीच बिघडवू शकत नाही. मग मी कशाच्या आड उभा होतो? हे एकदा मनात आलं की बसवत नाही. आणि याहून लहान, पण जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे मॅनेजरनं पाठीवर हात ठेवला तेव्हा मला बरं वाटलं होतं. शरीफ आदमी. घरी येईपर्यंत रस्ताभर बरं वाटत होतं.

उद्या ती पुन्हा गेटवर बसणार आहे. तिनं मला बोलावलेलं नाही.

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन आलो. तिचं ताट झाकून ठेवलं. ओट्याशी उभा राहून म्हणून पाहिलं, "मेरी बेटी ठीक कह रही है. पहले कड़ी लगवाइए." पहिल्यांदा आवाज इतका बारीक आला की मलाच नीट ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा बरा आला. मग माठातून पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, एक तिची आणि एक माझी, झाकणं घट्ट लावली आणि फ्रिजमध्ये ठेवल्या.