नाल्यापलीकडचं घर

साक्री, मंगळवार, १४ मार्च १९८९

अंगणवाडीच्या भिंतीवर आज गावाचा नकाशा लावला. लहान मूल असलेल्या प्रत्येक घरावर मी लाल टिकली चिकटवली होती. नाल्यापलीकडे राहणारी सुमन बराच वेळ बघत राहिली.

"बाई, यामा आमनं घर कोठे शे?"

नव्हतंच. गेल्या उन्हाळ्यात यादी करताना उन्हाचा कंटाळा करून मी नाल्यावरूनच परतले होते. तिची दोन वर्षांची मंगला मागच्या महिन्यात जुलाबाने गेली. मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, हे तिला सांगायचं काम माझंच होतं. मी खरं ते कबूल केलं. ती रागावली नाही. का नाही रागावली?

"आते नकाशामा काढा," म्हणाली. "पोटमा आखो एक शे." तिने पोटावर हात ठेवला.

संध्याकाळी तिच्याबरोबर नाला ओलांडून गेले. पाच मिनिटं लागली.