आईची गाठ आधीचीच होती

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे.

परवा पुण्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट समजावला. मी म्हटलं, दाराची कडी लागली होती, त्यानंच झालं असेल. त्या म्हणाल्या, "नाही आजी. मारानं अशी गाठ होत नाही. मार लागला की हात तिथं जातो, आणि आधीची गाठ सापडते." मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एका पेशीच्या दोन होताना आतल्या गुणसूत्रांचा एखादा तुकडा गळतो, एखादा दुप्पट होतो. ती बिघडलेली पेशी आपल्यासारख्याच आणखी पेशी करते, त्यांच्यात नवे बिघाड साठत जातात. गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी हे सुरू झालेलं असतं. मी विचारलं, "आणि वासरानं धडक दिली तर?" त्यांनी विचारलं, "कुठलं वासरू?"

तुम्हाला कळेल. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. सणसरच्या गोठ्यात आई धार काढतीये. वासरू धरून ठेवायचं काम माझं, नऊ वर्षांच्या पोरीचं. दावं हातातून निसटतं आणि वासरू मुसंडी मारून आईच्या छातीवर आदळतं. आठवड्याभरात तिला गाठ लागली. तुम्ही मुका मार समजून आंबेहळदीचा लेप लावत राहिलात, महिनोन्महिने. बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा कातडी फुटली होती. ते म्हणाले, फार उशीर झाला. परत येताना बैलगाडीत तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "हिनं दावं सोडलं नसतं तर ही येळ आली नसती."

आई पडल्या पडल्या बोलली, "पोरीला बोल लावू नका. गाठ आधीचीच हाय. मला ठावं होतं, लाजंनं बोलले न्हाय."

"पोरीसाठी खोटं बोलतीस व्हय?" तुम्ही म्हणालात, आणि बैल हाकलेत.

ती खरं बोलत होती, आबा. संक्रांतीच्या आत ती गेली. तुम्ही मला शिकवलंत, चांगलं घर बघून कन्हेरीला दिलंत, पण ते वाक्य कधी मागं घेतलं नाहीत. मी ते अख्खा जन्म वागवलं. गुणसूत्रं तुम्हाला कळली नसती, मान्य. पण बायको काय सांगतीये ते ऐकायला कुठलं शिक्षण लागत होतं? आता माझ्याजवळ उत्तर आहे, आणि ते कुणाच्या तोंडावर फेकू? हा लिहिलेला कागद कुठं धाडायचा? रिपोर्टच्या फायलीतच राहील.

आणखी एक. तुमचं जास्त झाल्याचा निरोप मला सकाळीच मिळाला होता. मी दुपारपर्यंत बाजाराची वांगी निवडत बसले. सणसरला पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात. यष्टी चुकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. चुकली नव्हती.